भरेल

१

पाहुण्याला आधी पाणी, तसा बंदुकीला आधी गज, असा शिरपूरच्या शकील मिस्त्रीचा खाक्या होता. ठासणीच्या बंदुकीत बार पुढच्या तोंडानं भरतात. आधी दारू, तिच्यावर चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, आणि दोन्ही खाली ठासायला गज नावाची लांब सळई. हाच गज मापालाही चालतो. नळी रिकामी असली तर तो तळाच्या लोखंडाला टण करून टेकतो आणि त्याच्यावर कोरलेली खूण बरोबर नळीच्या तोंडाशी येते. आत बार असला तर आवाज बद्द येतो आणि खूण तीन बोटं वर राहते. यात न समजण्यासारखं काहीच नाही. तरी दोन-तीन वर्षांतून एकदा कुठेतरी कोणीतरी "रिकामीच आहे" म्हणत बंदूक पुसायला घेतो आणि घरातलं माणूस घालवून बसतो.

शकीलच्या हातून गेलेल्या बंदुकीनं असं कधी केलं नव्हतं. तीस वर्षांत एकदाही नाही. बंदूक परत देताना तो एकच शब्द बोलायचा, "रिकामी." सातपुड्याच्या पाड्यांवरची माणसं त्या एका शब्दावर ती घरी नेऊन पोराबाळांच्या डोक्यावर खुंटीला टांगत. त्याला या गोष्टीचा अभिमान होता आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नसे.

मका कणसावर आला तेव्हा रोहिदास पावरा गोधडीत गुंडाळलेली बंदूक पाठीला बांधून मोटरसायकलवरून आला. पीक राखायचा परवाना त्याला दोन वर्षांनी मिळाला होता. बंदूक एरंडोलच्या बाजूची, तिथल्या वारलेल्या एका मास्तरांची. मास्तरांच्या बायकोकडून त्यानं ती रीतसर आपल्या नावावर करून घेतली होती.

"मिस्तरी, तपाशी द्या," तो म्हणाला. "डुकरं बठ्ठा मका खाई ऱ्हायनात. परवा गुंताले पाडं. पायले टाके पडनात तिना."

गुंताबाई म्हणजे त्याची बायको. शकीलनं मान हलवली आणि गोधडी सोडली. बंदूक देखणी होती. दस्ता शिसवीचा, घोडा घट्ट, आणि नळीत चक्क आटे पाडलेले, म्हणजे ही साधी ठासणी नव्हे, रायफल. चापाच्या कडीला दोऱ्यानं पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधला होता. त्यावर निळ्या शाईनं, शिरोरेघ न चुकता, एकच शब्द लिहिला होता: भरेल.

शकीलनं तो पुठ्ठा रोहिदासच्या नाकासमोर धरला. खान्देशात भरलेल्याला भरेल म्हणतात, केलेल्याला करेल, मेलेल्याला मरेल. शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही हे कळतं.

"हे वाचता येतं ना तुला? भरलेली बंदूक पाठीला लावून आलास? खड्डे मोजलेस का वाटेतले?"

"मी समजनू, जुनी चिठ्ठी व्हई," रोहिदास ओशाळून म्हणाला.

शकीलनं गज सोडला. बद्द आवाज आला आणि खूण तीन बोटं वर राहिली. मग त्यानं गजाच्या टोकाला मळसूत्री आकडा बसवला आणि हळूहळू फिरवत चिंधी ओढली, गोळी काढली, दारू कागदावर ओतली. पुन्हा गज टाकला. टण. खूण नळीच्या तोंडाशी.

"घरात कुठे ठेवणार?" त्यानं विचारलं.

"एकच खोली शे, भाऊ. खुंटी भूमिकाना खाटलावर शे. दुसरी भीत कुडनी, ती वजन नही धरत."

भूमिका त्याची चार वर्षांची मुलगी. शकीलनं एकदा तिला पाहिलं होतं, बापाच्या खांद्यावर बसून ती पेरू खात होती.

"मग आठ दिवसांनी ये. मी रिकामी म्हटल्याशिवाय तिला हात लावायचा नाही."

२

चाचणीसाठी शकील गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खडीच्या खाणीत जायचा. पोलीस ठाण्यात आधी सांगून, आणि बरोबर साडू नईमला घेऊन. नईमची रिक्षा होती, दुपारी तिला भाडं नसे, आणि फुकटात धमाका ऐकायला मिळतो म्हणून तो जेवण टाकून यायचा.

जुन्या बंदुकीचा पहिला बार खांद्यावरून उडवत नाहीत. ती दोन फाटक्या टायरांत बांधली, चापाला दोरी लावली, दहा पावलं मागं जाऊन दोरी ओढली. पांढरा धूर उठला, खाणीच्या भिंतींनी आवाज इकडून तिकडं फेकला, नळी शाबूत. मग शकीलनं तिला खांद्याला लावलं. पन्नास पावलांवर खोक्याचा पुठ्ठा उभा केला होता. पाच बार काढले. पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या.

"हिच्यासमोर डुक्कर काय, डासही जगणार नाही," नईम म्हणाला.

शकील पुठ्ठ्यापेक्षा जमिनीकडे जास्त बघत होता. गोळीबरोबर चिंधी उडून पुढं पडते, आणि ती करपली की फाटली यावरून बंदुकीची तब्येत कळते. गोळीभोवती तो नेहमी गादीच्या जुन्या खोळीचं कापड वापरायचा, निळ्या पट्ट्यांचं. नईमनं चिंध्या वेचून आणल्या. सहाच्या सहा चांगल्या होत्या, कडेला जराशा तपकिरी.

सगळं आवरताना शकीलनं सवयीनं गज टाकला. बद्द आवाज आला. खूण तीन बोटं वर.

त्यानं चिंध्या पुन्हा मोजल्या, सहाच होत्या.

"मी सातवा बार भरला का रे?"

"तू भरतोस, मी कान झाकतो," नईम म्हणाला. "मला काय माहीत? भरला असशील."

भरला असेन, असं शकीलनंही म्हटलं. बोलता बोलता हात आपलं काम करत राहतात. त्यानं घोड्याखाली बार पेटवणारी टोपी बसवली, पुठ्ठ्याकडे तोंड करून बार उडवून दिला. नईम पुढं जाऊन चिंधी घेऊन आला. ती पांढरी होती. धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड, पट्टा नाही, काही नाही.

पिशवीत दुसरी एखादी चिंधी आली असेल. शकीलनं ती चुरगळून टाकली आणि गज पुन्हा सोडला. टण. तो हसला, आणि नईमही कशाला ते न समजता हसला.

३

घरी आल्यावर त्यानं उकळतं पाणी ओतून नळी धुतली, सुकवली, तेलाचा बोळा फिरवला. शेवटी गज. खूण जागेवर. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधे प्लायवूडची भिंत, तिच्यामागं स्वयंपाकघर. त्यानं बंदूक लाकडी घोडीवर आडवी ठेवली. तोंड नेहमीप्रमाणे रस्त्याकडच्या दगडी भिंतीकडे. कुलूप घातलं आणि जेवायला गेला.

सकाळी फजरच्या नमाजेवरून आल्यावर त्यानं दुकान उघडलं. चहा यायला वेळ होता. उगाच काहीतरी करायचं म्हणून गज टाकला.

तीन बोटं.

शकील भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. त्याला भीती होती ती वेगळीच. गेल्या सहा महिन्यांत तो विसरू लागला होता. स्कूटरला किल्ली राहायची. बाजारातून एकच जिन्नस दोनदा यायचा. दीपनगरला दिलेल्या मुलीला, महेकला, त्यानं फोनवर दोनदा तिच्या आत्याच्या नावानं हाक मारली होती, आणि ती गप्प झाली होती. मग म्हणाली, "अब्बा, एकदा डॉक्टरला दाखवा ना." न्हाव्यानं विसरावं, किराणावाल्यानं विसरावं. बंदुकीचा मिस्त्री भरलेली आणि रिकामी यांत विसरू लागला तर त्यानं उठून दुकानाला कायमचं कुलूप लावावं, असं शकीलचं मत होतं. ते मत आपल्यावरच लागू करायची वेळ येईल, असं त्याला वाटलं नव्हतं.

त्यानं आकडा घालून बार काढला. नळीला काल तेल लावलेलं होतं, तरी चिंधी कोरडी निघाली. पांढरी, मऊ. गोळी तळहातावर पडली तेव्हा तो दचकला. ती कोमट होती, कोणी बराच वेळ मुठीत धरावी तशी.

त्याच दिवशी त्यानं दारूचा डबा, टोप्या, ओतलेल्या गोळ्या आणि शिसं, सगळं परवानगीच्या लोखंडी पेटीत घालून नईमच्या हवाली केलं. पेटीची किल्लीही. नईमनं कारण विचारलं. शकीलनं खरं सांगितलं, कारण खोटं सांगून लक्षात ठेवणं आता त्याला जमणार नव्हतं.

"मी भरतो आणि विसरतो, असं वाटतंय मला."

नईम एरवी कशावरही विनोद करायचा. यावर त्यानं केला नाही.

दुसऱ्या दिवशी शकील दुपारची जोहरची नमाज आटोपून आला तर त्याची बायको अमिनाबी मधल्या दारात उभी होती, हाताला कणीक.

"महेकचे अब्बा, किती ठासत होते? भांडी वाजत होती आतमधी."

"कोण?"

"तुम्हीच की. ठक ठक ठक. दहा-पंधरा मिनटं. शेवटी सळई उडाल्यावाणी वाजली, मग बंद झालं."

बार नीट ठासला गेला की गज आपटल्यावर उसळून वर येतो. तो उसळला की भरणारा थांबतो. हे अमिनाबीला कधी कोणी शिकवलं नव्हतं, पण तीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकून तिला त्याचा आवाज पाठ होता. दुकानाला कुलूप होतं. किल्ली शकीलच्या खिशात होती आणि शकील मशिदीत होता. एवढं तरी त्याला नक्की आठवत होतं. नमाजेला शेजारी सायकलवाला होता, हवं तर त्याला विचारता आलं असतं. तो विचारायला गेला नाही.

त्यानं आत जाऊन गज टाकला. मग बार काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. गोळी चिमटीत धरवत नव्हती, इतकी गरम होती.

४

संध्याकाळी त्यानं रोहिदासकडून नंबर घेऊन मास्तरांच्या बायकोला, पुष्पाबाईंना फोन लावला. म्हातारीचा आवाज खणखणीत होता. मागं कुठेतरी पिठाची गिरणी चालू होती.

"अक्का, त्या बंदुकीला चिठ्ठी बांधलेली आहे. मास्तरांनीच लिहिली ना?"

"हा भाऊ. त्यासनाच हातनी शे."

"ते घरात भरलेली ठेवायचे का?"

"नही, नही. भरेत कसाले? घरमा कधी दारू उनी नही ना गोळी उनी नही. माले तो वासच सहन होस नही."

"मग चालवायचेच नाहीत?"

"चालाडेत ना. रोज सकायले नदीवर जाईसन एक बार फोडी येत. ताप ऱ्हावो, पानी ऱ्हावो. मी म्हनू, कोनले मारतस रोज? ते म्हनेत, कोणाला नाही, म्हणून तर जातो."

शेवटचं वाक्य तिनं एकदम शुद्ध मराठीत म्हटलं. शकीलच्या ते ध्यानात आलं.

"मास्तर असं बोलायचे?"

पुष्पाबाई हसली. "घरमा बी पुस्तकनीच भाषा, भाऊ. मी म्हनू, भाकर करेल शे. ते सांगेत, केलेली आहे, असं म्हण. तीस वरीस पोरेसले मराठी शिकाडं त्यासनी. लगीन व्हयनं तवयपाशी माले सुधारी ऱ्हायंतात. मी काही सुधरनू नही." हसता हसता तिचा आवाज ओला झाला. "शेवटला पंधरा दिन बिछानाले खिळनात. नदीवर जावानं बंद व्हयनं. मंग गयात."

"कशानं गेले, अक्का?"



"डाक्टरले बी समजनं नही," ती म्हणाली, आणि गिरणीवाला हाक मारतो म्हणून तिनं फोन ठेवला.

शकीलनं पुठ्ठा दिव्याखाली धरला. करेल नव्हे, केलेली. मरेल नव्हे, मेलेला. आयुष्यभर बायकोचं बोलणं दुरुस्त करणारा हा माणूस भरलेल्या बंदुकीवर काय लिहील? भरलेली, असं लिहील. त्यानं तसं लिहिलं नव्हतं. शकील शिरपुरात वाढला होता, त्यामुळे तो शब्द त्यानं शिरपूरच्या कानानं वाचला. आता त्यानं तो शाळेत शिकवतात तसा वाचला. पाऊस पडेल. गाडी येईल. भरेल.

मास्तरांनी बंदुकीत काय आहे ते लिहिलं नव्हतंच. पुढं काय होणार ते लिहिलं होतं.

आपल्यामागं ती दुसऱ्याच्या हाती जाणार, तर त्यांना एवढंच सांगावंसं वाटलं, आणि तेही नेमकं, एका शब्दात, व्याकरणाची चूक न करता. शकीलला त्या मेलेल्या माणसाचा राग आला. दोन शब्द जास्त लिहिले असते तर शाई संपणार होती का?

रागाखाली दुसरीही एक भावना होती आणि तिची त्याला लाज वाटली. ती सुटकेची होती. म्हणजे डोकं ठिकाणावर आहे. मी विसरत नाही.

५

पुढचं ठरवायला त्याला फार वेळ लागला नाही. बंदूक रोहिदासला द्यायची नाही. चार वर्षांच्या मुलीच्या खाटेवर ती टांगली जाणार होती, आणि ती रिकामी आहे असं म्हणायचं झालं तर शकीलनंच म्हणायचं होतं. नापास म्हणून लेखी द्यायचं, पोलिसांत जमा करा म्हणायचं. पण कारण? पाच गोळ्यांची तळहाताएवढी जागा नईमनं निम्म्या गावाला सांगितली होती. रोहिदास दोन वर्षं सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून आला होता, घरी बायकोच्या पायाला टाके होते. तो नुसत्या कागदानं ऐकणार नव्हता. त्याला डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

म्हणून शकीलनं बार काढणं बंद केलं. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा भरलेली निघाली. राहू दे भरलेली. रोहिदाससमोर गज टाकायचा, तीन बोटं दाखवायची, सगळ्यांसमक्ष बार काढायचा, खोलीला कुलूप घालून चहा प्यायचा, आणि पुन्हा गज टाकायचा. हे सगळं त्यानं सरळ सरळ ठरवलं, एखाद्या घोड्याची स्प्रिंग बदलायची ठरवावी तसं. दोन दिवस बंदूक तशीच घोडीवर पडून राहिली. ना ती कोणी उडवली, ना रिकामी केली. ठासण्याचा आवाजही या दोन दिवसांत आला नाही. भरलेलीला कोण ठासेल?

आठव्या दिवशी नऊ वाजता नईम आला. साक्षीदार म्हणून शकीलनंच त्याला बोलावलं होतं. नईमनं स्वतःच्या हातानं गज सोडला. बद्द. खूण तीन बोटं वर. टोपी नव्हती, घोडा खाली होता. नईमनं ओठांवरून जीभ फिरवली.

"पेटी माझ्याकडेच आहे. मी उघडलीपण नाही," तो म्हणाला. मग त्यानं घोडीकडे बघितलं. "पण हिचं तोंड फिरव ना. ते बाकावर बसतील, अगदी समोर. त्याची बायको असेल, पोरगी असेल."

दगडी भिंतीला लागूनच गिऱ्हाइकांचा बाक होता. एरवी गिऱ्हाईक आलं की बंदूक उचलून ठेवली जाई, म्हणून तोंडाचा प्रश्न यायचा नाही. आज ती घोडीवरच दाखवायची होती. शकीलला नईमचं म्हणणं पटलं. माणसं यायची आहेत, त्यांच्याकडे तोंड नको. दोघांनी दोन बाजूंनी धरून बंदूक फिरवली आणि नीट सरळ ठेवली.

रोहिदास अकराला आला. गुंताबाई लंगडत मागं होती, पायाला पट्टी. भूमिका आईच्या कडेवर. शकीलनं त्यांना बाकावर बसवलं आणि काहीही प्रस्तावना न करता म्हणाला, "रोहिदास, ही बंदूक मी तुला देणार नाही. का ते बघ."

त्यानं गज उचलला आणि नळीत सोडला.

टण.

खूण नळीच्या तोंडाशी येऊन थांबली होती. बरोबर तोंडाशी, केसाचाही फरक नाही.

शकीलनं गज काढला, पुन्हा सोडला. टण.

"माले दखू द्या," म्हणत रोहिदास उठला. त्यानं स्वतः टाकून पाहिला, वाकून खूण पाहिली, आणि त्याचा चेहरा उजळला. "रिकामी शे ना, भाऊ. काय देत नही म्हनतस? तुम्ही ते घाबराडी दिन्हं माले!"

"गेलं," नईम पुटपुटला. "अल्ला का शुक्र, गेलं ते जे काय होतं." तो भिंतीला टेकला आणि हसायला लागला. गुंताबाईही हसली, तिला वाटलं मिस्तरींनी थट्टा केली. भूमिकानं बाकावरून पाय हलवत, बंदुकीकडे बोट दाखवून विचारलं, "डुकरं मरतीन का हिनाघाई?" आणि सगळे आणखी हसले.

शकीललाही हसू आलं. आठ दिवसांत पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आले. दोन तासांपूर्वीची तीन बोटं आणि आताची खूण, मधे काय झालं याचा विचार नंतर करता आला असता. आता समोर रिकामी नळी होती. तीन माणसं वाट बघत होती. जो शब्द म्हणायची त्याला भीती होती तो शब्द आता खरा होता. तो म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि बंदूक उचलायला नळीखाली हात घातला.

नळी गरम होती.

त्यानं हात काढला नाही. नाक तोंडाशी नेलं. दारू जळल्यावर येतो तोच सडक्या अंड्यासारखा वास, ताजा. नईमचं हसणं थांबलं. त्याला शकीलचा चेहरा दिसत होता.

बार कोणी काढला नव्हता. आकडा खिळ्याला होता, चिंधी नाही, गोळी नाही. बंदूक रिकामी होण्याच्या दोनच तऱ्हा असतात. काढलेली नसेल तर ती उडालेली असते. नऊ ते अकरा या दोन तासांत ती उडाली होती, टोपीशिवाय, कोणाला ऐकू न येता. शकीलची नजर नळीवरून पुढं गेली, जिकडं त्यांनी दोघांनी मिळून तिचं तोंड फिरवलं होतं तिकडं. समोर प्लायवूडची भिंत होती.

तो भिंतीपाशी गेला. दोन्ही हातांनी ती चाचपली, वरपासून खालपर्यंत. छिद्र नव्हतं. ओरखडाही नव्हता. त्याला हायसं वाटलं. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, पातेलं ठेवल्याचा, नळ बंद केल्याचा, म्हणजे रोजचाच आवाज.

"मिस्तरी?" रोहिदास मागून म्हणाला.

"थांब जरा," शकील म्हणाला, आणि मधलं दार ढकललं.

अमिनाबी गॅसपाशी उभी होती, त्याच्याकडे पाठ करून. पातेल्यात पाणी उकळायला लागलं होतं. ती बत्त्यानं आलं ठेचत होती.

"आले का पाहुणे?" तिनं न वळता विचारलं. "पोरीचा आवाज आला. किती कप टाकू?"

आवाज नेहमीचाच होता. तिच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, ओढणीला बोराएवढं गोल भोक पडलं होतं. कडा करपून तपकिरी झाल्या होत्या. रक्त नव्हतं, एक थेंबही नव्हता. त्या भोकातून, तिच्या अंगातून आरपार, शकीलला गॅसची निळी ज्योत दिसत होती आणि तिच्यावर टेकलेलं पातेल्याचं काळं बूड.

आलं ठेचताना तिचा हात हलला की ओढणी हलायची, आणि ज्योत झाकली जायची. मग पुन्हा दिसायची.

शकीलला तिच्याजवळ जायचं होतं. तिला हात लावायचा होता. लावल्यावर काय होईल, ती वळली तर काय होईल, तिला स्वतःला कळलं तर काय होईल, या विचारानं त्याचे पाय उंबऱ्याशीच राहिले. चहा होईपर्यंत तिला वळायचं काही कारण नव्हतं.

"सगळ्यांना टाक," तो म्हणाला. "पोरीलासुद्धा. पाणी जास्त ठेव."

"एवढं?"

"हो. आणि सावकाश कर, अमिना. काही घाई नाही."